मेयरच्या फाटकावरचा बाण

सान तेल्मो गावात माणूस मेला तरी त्याच्या दारात आधी मेयरचा फ्लेक्स लागतो, फुलं नंतर येतात. वर लिहिलेलं असतं, 'आपल्या दुःखात सहभागी', आणि खाली मेयर कॉन्राडो बुएनाफ्लोर बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत उभे. मी ऐकीव सांगत नाही. ते दात मीच छापते. बाजाराच्या मागं माझं छपाईचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. शाळेचा निकाल, कोंबड्यांची झुंज, संताचा उत्सव, एक खड्डा बुजवला त्याचा आनंद, सगळ्यावर तोच चेहरा आणि तो माझ्याच मशीनमधून बाहेर पडतो. मनांग म्हणजे ताई. लोक विचारतात, "मनांग देलिंग, मेयर खरंच एवढे गोरे आहेत का हो?" मी म्हणते, "ते नाहीत. माझी शाई गोरी आहे."

ही गोष्ट खरं तर वांजीची आहे. पण आमच्याकडं कुठलीही गोष्ट सांगायला बसा, तो चेहरा आधी मध्ये येऊन उभा राहतो. त्याला मी काय करू?

वांजी माझ्या दुकानात फ्लेक्सच्या कडेला रिंगा ठोकायची. पूर्ण नाव एवांजेलिन, वय अठ्ठावीस, पदरात दोन पोरं. नवरा रोमुलो, वॉर्डाचा तानोद. म्हणजे राखणदार. पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, कमरेला दांडका. दांडका सरकारी होता, वापर घरगुती होता.

पहिल्यांदा मनगट मोडलं तेव्हा मीच तिला वॉर्डाच्या ऑफिसात घेऊन गेले. तिथं कोपऱ्यात बायकांच्या तक्रारीचं टेबल आहे. टेबलावर कॅप्टनची मेहुणी बसते आणि प्लास्टिकचे डबे विकते. कॅप्टन आब्रेनिका, म्हणजे आमचा वॉर्डप्रमुख, म्हणाला, "नवऱ्यालाही बोलवायला हवं, एकतर्फी कसं ऐकायचं?" लांब जावं लागलं नाही. रोमुलो मागच्या खोलीत पत्ते खेळत होता. पत्ते हातात तसेच धरून आला.

अशा प्रकरणात वॉर्डानं तडजोड घडवून आणायची नाही, असं कायद्यातच लिहिलंय. मला पाठ आहे, कारण तो फ्लेक्स मी छापलाय, तीन बाय चार फुटांचा, आणि तो त्याच टेबलामागच्या भिंतीवर लावलाय. त्या फ्लेक्सखाली बसून कॅप्टननं तडजोड केली. कागद लिहिला, दोघांच्या सह्या घेतल्या आणि सगळ्यांना गरम सिओपाव, म्हणजे सारण भरलेले वाफेचे पाव, मागवले. मग म्हणाला, "चला, आता हात मिळवा." वांजीचा उजवा हात गळ्यात बांधलेला. तिनं डावा पुढं केला. मेहुणीनं फोटो काढला.

नंतर ती दोनदा पळाली. एकदा बोटीनं आईकडं, पलीकडच्या बेटावर. आईनं दोन दिवस जेवू घातलं आणि तिसऱ्या दिवशी जावयाला फोन केला. एकदा माझ्याकडं. दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमध्ये पोरांना घेऊन चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी भर दुपारी रोमुलो शिट्टी वाजवत गल्लीत शिरला, चोर पकडायला आल्यासारखा. सगळी गल्ली बाहेर येऊन बघत होती. एकाही माणसानं त्याला विचारलं नाही की बाबा, तू का वाजवतोयस. मी दारात आडवी उभी राहिले, तर त्यानं दांडक्यानं माझ्या दुकानाची काच फोडली. वांजीच मागून आली आणि म्हणाली, "मनांग, राहू द्या. तुमचं मशीन फोडेल."

आणि मग तीच गल्ली मला विचारते, ती निघून का जात नाही? अहो, निघायला पाय लागतात, ते तिला होते. पोचायला दार लागतं. ते अख्ख्या गावात नव्हतं.

बायकांसाठी म्हणून सरकारी पैसे दरवर्षी बाजूला काढलेले असतात, काढावेच लागतात. त्यातून एका वर्षी मेयरनी बायकांना झुंबा नाचवलं. त्याच्या आदल्या वर्षी छत्र्या वाटल्या, छत्रीवर चेहरा. मासळीबाजारातल्या एकीनं मला सांगितलं होतं की तिच्या नवऱ्यानं तिला त्याच छत्रीनं बडवलं. चांगली दणकट छत्री होती म्हणे.

शेवटी घर मिळालं ते मिस ओफेलियामुळं. ही कल्याण खात्यातली बाई. सहा-सहा महिन्यांच्या करारावर राबणारी, काडीसारखी, सतत घाबरलेली. पण दोन वर्षं ती एकाच अर्जाच्या मागं लागली आणि एक घर पदरात पाडून घेतलंच. कुठं आहे ते मी सांगणार नाही. चार खाटा, एक चूल, पाण्याचा नळ, आणि दाराला साधी कडी. बाहेर पाटी नाही. शेजाऱ्यांना वाटतं नर्सबायका भाड्यानं राहतात.

एका मंगळवारी दुपारी आम्ही दोघींनी वांजीला आणि पोरांना माझ्या माल पोचवायच्या ट्रायसिकलमध्ये बसवलं आणि वरून फ्लेक्स पसरला. रस्त्यात रोमुलोनंच आम्हाला हात केला, ट्रॅफिक मोकळा करून दिला. फ्लेक्स कुणाचा होता ते सांगायला नको. मेयरनी माझ्या माहितीत त्या बाईसाठी केलेलं काम एवढंच, तिला झाकलं.

तीन आठवडे बरे गेले. वांजीचा धाकटा, तोतोय, पाच वर्षांचा. तो चपला घालून झोपायचा. सवयच लागली होती, केव्हा पळावं लागेल याचा नेम नाही. त्या घरात अकराव्या दिवशी त्यानं चपला काढल्या आणि खाटेखाली नीट जोडून ठेवल्या. वांजी मला हे सांगताना हसत होती आणि नाक पुसत होती.

रोमुलो रोज दुकानात यायचा. काउंटरवर दांडका ठेवायचा.

"मनांग, कुठं ठेवलीय?"

"काय?"

"माझी बायको."

"वस्तू हरवली की पोलिसात जावं. तू तर पोलिसांचा धाकटा भाऊ."

"सापडेलच. गाव केवढंसं आहे."

हे मात्र खरं होतं. गाव केवढंसं आहे.

मग एका सोमवारी मेयरचा सेक्रेटरी बोनी आला. केसांना जेल, हातात पेन ड्राइव्ह, चेहऱ्यावर घाई. निवडणुकीला दोन महिने राहिले होते.

"मनांग, अर्जंट आहे. एक मोठा, बारा बाय आठ. आणि बाणाचे लहान सात, प्रत्येक चौकात एक. शुक्रवारी उद्घाटन."

मी फाइल उघडली. अर्ध्या फ्लेक्सवर मेयर, पाव भागात त्यांची बायको मॅडम पुरीता, खाली आठ नगरसेवक पासपोर्टच्या फोटोएवढे. मधे सोनेरी अक्षरांत: 'पीडित माता-भगिनींसाठी गुप्त आसरा. मेयर बुएनाफ्लोर यांची मायेची भेट.' आणि त्याच्याखाली पत्ता. घर नंबर, रस्ता, जवळची खूण. बाणसुद्धा.

मी दोनदा वाचलं. "बोनी, हे घर गुप्त आहे ना?"

"हो मग. लिहिलंय की, 'गुप्त'. मोठ्या अक्षरात घेतलंय."

"आणि खाली पत्ता?"

"पत्ता नको? लोक येणार कसे? बँड येणार, फादर येणार, सगळे कॅप्टन येणार. आख्खं डुक्कर भाजायला सांगितलंय."

"आणि बंदोबस्ताला?"

"सगळ्या वॉर्डांचे तानोद," बोनी अभिमानानं म्हणाला. "एकूण एक."

मी मशीन बंद केलं आणि ओफेलियाकडं गेले. ती टेबलाशी बसून नखं खात होती. तिला कळलं होतं.

"मी सांगितलं मेयरच्या ऑफिसात, मनांग. लेखी दिलं. ते म्हणाले, मिस ओफेलिया, तुमचा करार महिनाअखेर संपतोय ना?"

"मग वांजीला दुसरीकडं हलवू."

"कुठं?"

ती जात का नाही असं गल्लीनं विचारलं की जो प्रश्न मी चिडून उलटा टाकायची, तोच आता माझ्यासमोर आला. कुठं?

म्हणून मी थेट मेयरकडं गेले. माणूस गोड आहे, हे मान्य करायला हवं. स्वतःच्या हातानं मला पान्सित, म्हणजे परतलेल्या शेवया, वाढलं, लिंबू पिळून दिलं. मी म्हणाले, "सर, त्या घरात एक बाई आहे. तिचा नवरा तानोद आहे. शुक्रवारी तुम्ही त्यालाच दाराशी उभं करणार."

"मनांग देलिंग, तुम्ही फार काळजी करता. मी स्वतः असेन ना तिथं."

"किती वेळ?"

"रिबन कापेपर्यंत."

"आणि नंतर?"

त्यांनी जरा विचार केल्यासारखं केलं. "हे बघा. घर आहे हे कुणाला कळलंच नाही, तर मार खाणारी बाई येणार कशी? तुम्हीच सांगा."

"फोन नंबर टाका. ओफेलिया जाऊन आणेल."

"फोन नंबरचं उद्घाटन करता येत नाही हो," मेयर हसले. सगळे दात दिसले. "रिबन कशाला बांधू?"

आणि त्यांनी फोटोत मानेवरचा डाग काढायला सांगितला.

मी दुकानात आले आणि मशीनसमोर बसून राहिले. फ्लेक्स छापायचा नाही, तर बोनी बोटीनं शहरात जाऊन छापून आणेल. छापायचा, तर रोमुलोच्या हातात पत्ता मीच देणार, तोही सोनेरी अक्षरांत. वांजीला सांगायला गेले. ती भात निवडत होती. ऐकून घेतलं, ओरडली नाही, रडली नाही. उठली आणि तोतोयला म्हणाली, "बाळा, चपला घाल." भर दिवसा. बस, तेवढंच.

तिथून परत येताना डोक्यात आग होती आणि त्या आगीतच मला अठरा वर्षांत रोज पाहिलेली एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. फ्लेक्स कोणी वाचत नाही. प्रूफ घेऊन गेलं की मेयर आपला चेहरा बघतात. मॅडम पुरीता आपली हनुवटी बघतात. आठ नगरसेवक आपला फोटो शेजारच्यापेक्षा लहान तर नाही ना, ते पट्टी लावून मोजतात. एका वर्षी शाळेच्या फ्लेक्सवर मी चुकून गेल्या सालची तारीख छापली होती. तो अजून शाळेवर आहे.

मी पत्ता बदलला. घर नंबर एक, मॅग्नोलिया रस्ता. ते घर सगळ्या गावाला 'मेयरचं घर' म्हणून माहीत. नंबर फक्त टपाल्याला माहीत. गावातलं सगळ्यात सुरक्षित घर तेच. आठ फुटी भिंत, लोखंडी फाटक, दोन बंदूकवाले, तीन कुत्री. आसरा असावा तर असा.

चोरून नाही केलं. प्रूफ छापलं, हातात घेतलं आणि एकेकाला दाखवलं. बोनीनं सोनेरी रंग अजून गडद करायला सांगितला. मॅडमनी हनुवटी बारीक करायला. एका नगरसेवकानं शेजाऱ्याचा फोटो केसभर मोठा असल्याचं दाखवून दिलं. मेयरनी डोळे बारीक करून स्वतःकडं बराच वेळ पाहिलं, "छान" म्हणाले आणि खाली सही केली. पत्ता त्यांच्या अंगठ्याखाली होता. सहीचा कागद मी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

गुरुवारी माझ्या माणसांनी बाण लावले, बाजारापासून, चर्चवरून, मॅग्नोलिया रस्त्यापर्यंत. मोठा फ्लेक्स मेयरच्या फाटकावर. फाटकावरचा बंदूकवाला अडवेल असं मला वाटलं होतं. वर मेयरचा चेहरा पाहिल्यावर त्यानं शिडी धरली. संध्याकाळी मेयरची गाडी आली. काच खाली झाली. त्यांनी फाटकावर स्वतःला पाहिलं आणि म्हणाले, "थोडं डावीकडं घे रे. आंब्याची फांदी कपाळावर येतेय."

शुक्रवारी सकाळी मैदानातल्या मांडवात भाषणं झाली. कॅप्टन आब्रेनिकानं बाईच्या पायाखाली स्वर्ग असतो असलं काहीतरी सांगितलं आणि त्याची मेहुणी टाळ्या वाजवत राहिली. रोमुलो मांडवाच्या दाराशी पिवळ्या जाकिटात उभा. दाढी केलेली, केस विंचरलेले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "म्हटलं होतं ना मनांग, सापडेलच. सरकारच दाखवतंय रस्ता."

मी म्हणाले, "जा मग. बाण आहेतच."

मिरवणूक निघाली. पुढं बँडचा ट्रक, त्याचा ड्रायव्हर बाहेरगावचा, तो फक्त बाण बघत होता. मागं फादर, मग मेयरची उघडी गाडी, मग नगरसेवक, मग सगळं गाव. मी आणि ओफेलिया गर्दीत. चर्चच्या चौकात खऱ्या घराकडं वळायचं होतं तिथं बँड दुसरीकडंच वळला. ओफेलियानं झटकन माझ्याकडं पाहिलं. बाणाकडं पाहिलं. पुन्हा माझ्याकडं. एक हाक मारली असती तर मिरवणूक थांबली असती आणि तिचा करारही वाचला असता. तिनं तोंड उघडलं नाही. माझा दंड धरला आणि चालत राहिली.

मेयर लोकांना हात करण्यात दंग होते. स्वतःच्या फाटकासमोर गाडी थांबली तेव्हा त्यांना वाटलं बँडवाल्यांना पाणी हवंय.

"इथं का थांबलो?"

"पत्ता हाच आहे सर," बोनी म्हणाला. फ्लेक्सकडं बघून, अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वाचून, अगदी हळू आवाजात.

आठ-दहा फोन वर धरलेले होते. गावातली पोरं सगळं थेट दाखवत होती. फादर म्हातारे, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी फाटकावर पवित्र पाणी शिंपडायला सुरुवात केली. बंदूकवाल्यानं मालक आले म्हणून फाटक उघडलं.

आणि रोमुलो आत घुसला.

मेयरच्या शेजारून, फादरना खांद्यानं ढकलून, दांडका हातात. "वांजी!" एवढंच ओरडला. त्याचा तो आवाज गावानं याआधी ऐकला नव्हता. भिंतीआड ऐकला असेल, असा समोर नाही. पायऱ्या चढला, दाराला लाथ मारली, दिवाणखान्यातली मोठी चिनी फुलदाणी आडवी झाली. एकेक खोली उघडत गेला. "बाहेर ये! आज जिती सोडत नाही तुला!" खिडक्या उघड्या होत्या. बाहेर बँड गप्प झाला होता. सगळ्यांना ऐकू येत होतं, फोनवर बघणाऱ्यांनासुद्धा. मग शेवटच्या खोलीतून मॅडम पुरीतांची किंकाळी आली. त्या उद्घाटनासाठी केसांना कलप लावून बसल्या होत्या.

दोन्ही बंदूकवाल्यांनी त्याला फरपटत बाहेर आणला. मागून मॅडम, कपाळावरून काळा कलप ओघळतोय. "हा मारणार होता मला! दार बंद करायलाही वेळ नव्हता!"

आठ फुटी भिंत, लोखंडी फाटक, दोन बंदुका, तीन कुत्री, आणि तरी तो झोपायच्या खोलीपर्यंत पोचला होता. ओफेलियाची बोटं माझ्या दंडात रुतली. "त्या दाराला साधी कडी आहे, मनांग," ती म्हणाली. एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"सर, मला लिहिलेलं दिसलं म्हणून आलो," रोमुलो मेयरना सांगत होता. "बायको माझी आहे. तुम्ही कशाला मध्ये पडता?" त्याला खरोखर कळत नव्हतं की आज काय वेगळं झालं. रोजच्यासारखंच तर केलं होतं.

तमाशा इथं संपेल असं मला वाटलं होतं. मी हिशेब केला होता तो इथपर्यंतच. पण मग गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. मासळीबाजारातली लोलिंग, साठी उलटलेली, सुक्या माशांवाली. चाळीस वर्षांचा संसार, नवरा चर्चच्या गायनात. हातात कपड्यांचं बोचकं. ती मेयरपुढं जाऊन उभी राहिली आणि फ्लेक्सकडं बोट करून म्हणाली, "मी राहायला आलेय."

मेयर हसले. दुसरं काही करायची सवयच नाही त्यांना. "आजी, तुम्ही?"

"का? मला लागत नाही?" तिनं डोक्यावरचा रुमाल काढला. कानामागं जे होतं ते मी लिहीत नाही. "आजवर कुणी दार दाखवलंच नाही. काल बाजारात बाण दिसला. रात्रभर बोचकं बांधत होते."

तिच्या मागं अजून एक होती, कडेवर पोर घेतलेली. तिच्यामागं शाळेतली एक बाई, धुतलेल्या इस्त्रीच्या कपड्यात, हातात सुटकेस. पाच जणी निघाल्या, सान तेल्मोसारख्या चिमूटभर गावात, एका सकाळी, नवरे गर्दीत उभे असताना. मी अठरा वर्षं फ्लेक्स कोणी वाचत नाही असं समजत होते. या पाच जणींनी शब्दन् शब्द वाचला होता.

घर आहे हे कळलंच नाही तर बाई येणार कशी, असं मेयर म्हणाले होते. त्या माणसाचं एक वाक्य खरं निघालं, याचा मला आजही राग येतो.

आणि मेयर तरी काय करणार होते? डोक्यावर स्वतःचाच चेहरा, 'मायेची भेट', समोर दहा फोन, दोन महिन्यांवर निवडणूक. "या, या," म्हणाले. त्या पाच जणी मॅग्नोलिया रस्त्यावरच्या दिवाणखान्यात बसल्या, डुक्कर खाल्लं, मॅडम पुरीतांनी कलप लागलेल्या हातांनी त्यांना सरबत दिलं. फोन बंद झाल्यावर, चारच्या सुमाराला, बोनी ओफेलियाला म्हणाला, "यांना आता घेऊन जा कुठंतरी." ओफेलिया म्हणाली, "नेते. पण आधी माझा करार. वर्षाचा." तिथंच, मेयरच्या जेवणाच्या टेबलावर सही झाली. यावेळी मेयरनी कागद वाचला, तीनदा.

मला दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. पान्सित नव्हतं.

"मनांग, तुम्ही माझी अब्रू घेतलीत."

मी ब्लाउजमधून घडी काढली, टेबलावर उलगडली. "सर, तुम्ही वाचूनच सही केली होती ना?"

हो म्हणावं तर स्वतःच छापायला सांगितलं असं होतं. नाही म्हणावं तर मेयर न वाचता सह्या करतात. शेवटी म्हणाले, "चेहरा बरा आलाय." दोन आठवडे मला सरकारी काम दिलं नाही. मग परत दिलं. गावात दुसरं मशीन नाही, आणि चेहऱ्याशिवाय त्यांना झोप येत नाही.

रोमुलो कोठडीत आहे. कागदात काय लिहिलंय ते मी विचारून आले. अनधिकृत प्रवेश, आणि एका चिनी फुलदाणीचं नुकसान. त्या फुलदाणीवर चार पानं आहेत, फोटोसकट. नऊ वर्षांच्या संसारातलं वांजीचं मनगट, दोन बरगड्या आणि एक दात, यांची आमच्या गावात एक ओळ नाही. आहे तो फक्त तडजोडीचा कागद आणि हात मिळवल्याचा फोटो. ओफेलिया म्हणते आता शहरात जाऊन वांजीची तक्रार लिहून घेऊ, कॅप्टनच्या टेबलावर नाही. लिहून घेतीलही. पण फुलदाणीचे किती दिवस मिळणार? तो सुटेल. सुटला की परत दुकानात येईल, काउंटरवर दांडका ठेवेल. दांडका नसला तर दुसरं काहीतरी ठेवेल.

बाण अजून तसेच आहेत. त्यांच्यावर मेयरचा चेहरा आहे, आणि निवडणुकीआधी आमच्या गावात तो चेहरा खाली उतरवायची कुणाची छाती नाही, खुद्द मेयरचीही नाही. त्यामुळं बायका येतात. आठवड्याला एखादी, कधी दोन. बाजारापासून चालत, चर्चवरून, मॅग्नोलिया रस्त्यानं, थेट त्या फाटकाशी. बंदूकवाला आता काही विचारत नाही. खुर्ची देतो आणि ओफेलियाला फोन लावतो. ती पाठीमागच्या वाटेनं ट्रायसिकल पाठवते, माझीच. मॅडम पुरीतांनी झोपायच्या खोलीला आतून तीन कड्या लावून घेतल्यात म्हणे. त्यातली एक मी मागितली. दिली नाही, पण सुतार कोण ते सांगितलं. आता आमच्या घरालाही तीन आहेत.

खाटा चार आणि बायका नऊ. पोरं वेगळी. जमिनीवर जुने फ्लेक्स अंथरून झोपतात, छापलेली बाजू खाली. लोलिंग आजी म्हणते, इतकी वर्षं तो वर होता, आता जरा खाली झोपू दे त्याला. मी मेयरना लेखी दिलंय की अजून एक घर लागेल. उत्तर आलं नाही. उद्घाटनाची तारीख विचारली असती तर आलं असतं.

तोतोय पुन्हा चपला घालून झोपतो. त्या सोमवारपासून. मी परवा गेले तेव्हा एक काढलेली होती, एक पायात होती.

घर कुठं आहे, ते मात्र विचारू नका. सान तेल्मोत कुणालाही विचारलंत तर तो बाण दाखवेल.